पाण्यातील पारा आणि सोन्याची साक्ष
(नागपूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या भाषणावरून)



गढूळ पाणी डोळ्यांना दिसते, दुर्गंधी नाकाला कळते. परंतु पाण्यात विरघळलेला पारा दिसत नाही आणि चवीलाही लागत नाही. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांवाटे माणसांच्या शरीरात गेला. १९५६ साली तो आजार उघडकीस आला, तोवर अनेकांचे हातपाय, वाणी व दृष्टी बाधित झाली होती.

हा विषय आपल्याला परका नाही. कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांत जो दगडी कोळसा जळतो, त्यात पाऱ्याचा सूक्ष्म अंश असतो. तो धूर आणि राख यांवाटे बाहेर पडू शकतो. भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात पारा ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. एवढा अल्प अंश मोजण्यास महागडी उपकरणे व प्रशिक्षित माणसे लागतात.

येथे सोने मदतीस येते. अंगठीला पारा लागला की सोने पांढरे पडते, हे प्रत्येक सोनार जाणतो. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. काही नॅनोमीटर आकाराचे सोन्याचे कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात. योग्य रीतीने तयार केलेल्या द्रावणात पारा मिसळला की हे कण एकमेकांना चिकटतात व लाल रंग जांभळा अथवा निळा होतो.

असे कण करण्याच्या काही रासायनिक पद्धतींत घातक द्रव्ये लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट दाखविली. २००१ साली त्यांनी बुरशीच्या साहाय्याने, तर २००४ साली गवती चहा व कडुनिंब यांच्या पानांच्या अर्काने सोन्याचे सूक्ष्म कण तयार केले. सोन्याच्या क्षाराचे सोन्यात रूपांतर करण्याचे काम वनस्पतीतील द्रव्येच करतात. पुढे अशा जैविक कणांचा पारा ओळखण्याकडेही अनेक ठिकाणी उपयोग होऊ लागला.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. रंग बदलला तर तो इशारा होय, निकाल नव्हे. क्षार व अन्य धातूही कधी रंग बदलवितात. उलट, रंग बदलला नाही म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. मानकाची मर्यादा इतकी सूक्ष्म आहे की ती ओलांडली गेली तरी नुसत्या डोळ्यांना फरक जाणवेलच असे नाही. लाल रंग पाहून विहिरीवर 'पिण्यास योग्य' अशी पाटी लावणे म्हणजे गावाची फसवणूक ठरेल.

म्हणून पंचायतीने शंका येताच प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीतच नमुना घ्यावा, त्यावर ठिकाण व तारीख लिहावी, तो विनाविलंब तपासणीस पाठवावा आणि अहवाल ग्रामसभेपुढे वाचावा. शिक्षकांनी मुलांना त्या अहवालातील आकड्यांचा अर्थ सांगावा. पर्यावरण संशोधनाची 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था १९५८ साली ज्या नगरीत स्थापन झाली, त्या नागपूरच्या परिसरातील गावांनी पाण्याच्या बाबतीत केवळ डोळ्यांवर विसंबून राहू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.