प्रमाणपत्रांचा बाजार आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी

(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांहून थोडा निराळा वाटेल. परंतु संगणकशास्त्राच्या पदवीवर्गात शिकणारे, आणि त्यातही ज्यांच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचणारे ते पहिलेच आहेत असे अनेक विद्यार्थी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत असतात. पदवीच्या जोडीला कोणते प्रमाणपत्र घ्यावे? एका विद्यार्थ्याने तर मला एका शिकवणीवर्गाचे पत्रकच आणून दाखविले. त्यात सहा परीक्षांची नावे होती, नोकरीची हमी होती आणि फी हप्त्यांनी भरण्याची सोयही होती. हमी फोल ठरली तर हप्ते थांबतील की नाही, याविषयी मात्र पत्रकात अक्षरही नव्हते.

प्रथम पैशाचा हिशेब करू. सिस्को या कंपनीची सीसीएनए ही नेटवर्कविषयक परीक्षा घ्या. तिचे शुल्क ३०० डॉलर आहे. कर बाजूला ठेवला तरी ही रक्कम पंचवीस हजार रुपयांच्या वर जाते. २०२५-२६ साली रोजगार हमीवर महाराष्ट्रात दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे शेतमजुराच्या मुलाने ही परीक्षा एकदा द्यायची तर त्याच्या बापाची ऐंशीहून अधिक दिवसांची मजुरी त्यात जाते, आणि नापास झाल्यास तितकेच पैसे पुन्हा भरावे लागतात. परीक्षा इंग्रजीखेरीज जपानीत देता येते. मराठीत वा हिंदीत नाही. एवढा खर्च करावयाचा तर तो कशासाठी, हे विचारण्याचा हक्क त्या मुलाला आहेच, त्याच्या बापालाही आहे.

ही प्रमाणपत्रे विद्यापीठे देत नाहीत. ती बहुतांशी माल विकणाऱ्या कंपन्या देतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॉव्हेल कंपनीने आपल्या नेटवेअर या प्रणालीसाठी अभियंत्यांना प्रमाणित करण्यास आरंभ केला, तेव्हापासून ही प्रथा रूढ झाली. कंपनीचा हेतू उघड होता. ज्याने एका कंपनीची प्रणाली पैसे खर्चून शिकली, तो आपल्या कचेरीत तीच घ्या म्हणून सांगणार. पुढे मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींनी नेटवेअरला बाजारातून हटविले आणि त्या अभियंत्यांच्या प्रमाणपत्रांचे मोलही तिच्याबरोबर उतरले. मग मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईची लाट आली. प्रश्नोत्तरे घोकून उत्तीर्ण झालेल्यांची संख्या इतकी वाढली की ‘पेपर एमसीएसई’ असा कुत्सित शब्दच त्या व्यवसायात रुळला. ते प्रमाणपत्रही मायक्रोसॉफ्टने २०२१च्या जानेवारीत बंद केले.

कोणत्याही एका कंपनीचा माल न विकणाऱ्या संस्थांचे काय, असे कोणी विचारील. कॉम्पटिआ ही अशी संस्था होती. तिची ‘ए प्लस’ ही परीक्षा १९९३पासून चालू आहे. २०११च्या आधी जे उत्तीर्ण झाले त्यांचे प्रमाणपत्र आजन्म चालते. त्यानंतरच्यांचे तीन वर्षांनी संपते आणि नूतनीकरणासाठी पुन्हा पैसे वा परीक्षा द्यावी लागते. २०२५च्या आरंभी तर या संस्थेचे नाव आणि परीक्षांचा सारा व्यवसाय एच. आय. जी. कॅपिटल आणि थोमा ब्राव्हो या खासगी भांडवल गुंतविणाऱ्या दोन कंपन्यांनी विकत घेतला. ना-नफा संघटना वेगळ्या नावाने उरली. परीक्षा नफ्याच्या मालकीत गेली. ज्ञान तीन वर्षांत शिळे होते हे काही अंशी खरे आहे. परंतु मुदतीचा नियम केवळ ज्ञानाच्या काळजीपोटी केला जातो, असे मानण्याइतके भोळे आपण असू नये.

याचा अर्थ ही सारी प्रमाणपत्रे निरुपयोगी आहेत असा नाही. आपल्यातील काही मित्र तसे बोलतात. ते मला मान्य नाही. ज्याच्या महाविद्यालयाच्या नावाला नोकरभरतीत वजन नाही, त्याला बाहेरचा पुरावा कधी कधी दार उघडून देतो. कोणते दार, एवढेच पाहावयाचे.

ज्याला प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करावयाचे आहे त्याने प्रमाणपत्रांवर पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे उमेदवाराला प्रश्न देऊन प्रोग्रॅम लिहावयास लावतात आणि मुलाखतीत त्याची कारणे विचारतात. स्वतः रचलेले, दुसऱ्याला वापरता येईल असे एखादे काम त्याच्या उपयोगी पडेल. ‘ए प्लस’ची गोष्टही अशीच. दोन पेपरांची ती परीक्षा संगणक दुरुस्त करणाऱ्या आणि वापरणाऱ्यांच्या अडचणी सोडविणाऱ्या तंत्रज्ञासाठी आहे. लेसर प्रिंटर कसा चालतो हेही तीत विचारतात. ते काम प्रतिष्ठेचे आहे आणि ज्याला तेच करावयाचे त्याने ती जरूर द्यावी. पण जो तीन वर्षे ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क शिकला त्याने हे वेगळे विकत घेण्याचे कारण नाही.

नेटवर्कची देखभाल, सर्व्हरची व्यवस्था, क्लाउड, सुरक्षा या क्षेत्रांत चित्र वेगळे आहे. तेथील जाहिरातींत प्रमाणपत्राचे नाव घालून मागणी होते. नेटवर्ककडे जाणाऱ्याला सीसीएनएचा अभ्यास मी निःसंकोच सांगेन, कारण आयपी पत्त्यांची विभागणी, राउटिंग, स्विचिंग हे त्यात हाताने करावे लागते. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचे पॅकेट ट्रेसर विनामूल्य मिळते आणि परीक्षेचा अभ्यासक्रम कोणालाही वाचता येतो. म्हणजे अभ्यासाला पैसे लागत नाहीत, शिक्क्याला लागतात. चौघांनी मिळून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एखादा वापरलेला स्विच आणावा, अभ्यास पुरा करावा, आणि शिक्का घ्यावयाचा की नाही ते नंतर ठरवावे.

लिनक्सकडे ओढा असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तीत चार पर्यायांतून एक निवडावयाचा नसतो. उमेदवाराला चालू यंत्रापुढे बसवून कामे नेमून देतात, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही ती कामे टिकली पाहिजेत अशी अट असते. घोकंपट्टीला तेथे जागा नाही. ज्याला एवढी झेप नको त्याच्यासाठी लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेचे लिनक्स इसेन्शियल्स आहे. त्याला मुदत नाही.

क्लाउडमधील प्रारंभिक परीक्षांबद्दल मात्र सावध राहावे. ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर ही १०० डॉलरची परीक्षा विक्री आणि व्यवस्थापन करणाऱ्यांनाही देता यावी अशी बेतलेली आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती उत्तीर्ण केली म्हणून कोणी विशेष मानीत नाही. खर्च करावयाचाच असेल तर पुढची, १५० डॉलरची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट द्यावी. मायक्रोसॉफ्टच्या अझूर फंडामेंटल्सची मुदत संपत नाही, ही तिची जमेची बाजू.

सुरक्षेच्या क्षेत्रात तर अमेरिकन सल्ला आपण जसाच्या तसा उचलतो. ‘सिक्युरिटी प्लस’ घ्या, असे जो तो सांगतो. अमेरिकेत त्या परीक्षेला जे वजन आहे त्याचे एक मोठे कारण असे की तेथील संरक्षण खात्याने ठराविक पदांसाठी ती मान्य केली आहे. नाशिकच्या वा नांदेडच्या मुलाला ते पद मिळणार नाही. मग ते वजन त्याच्यापर्यंत पोचते किती, हे येथील जाहिराती वाचून ठरवावे. आयएससी स्क्वेअर या संस्थेने २०२२ साली दहा लाख लोकांना आपली प्रारंभिक परीक्षा मोफत देण्याची घोषणा केली. परीक्षा मोफत, प्रमाणपत्र चालू ठेवण्यास दर वर्षी ५० डॉलर. फुकट काय आहे ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्यावाचून कळत नाही.

सार्वजनिक क्षेत्रातही काही चांगले आहे, आणि आपण त्याची कदर करीत नाही. आयआयटी आणि बंगलोरचे भारतीय विज्ञान संस्थान यांच्या एनपीटीईएल या उपक्रमातील व्याख्याने कोणालाही विनामूल्य ऐकता येतात. परीक्षा केंद्रावर देखरेखीखाली होते आणि तिचे शुल्क हजार रुपयांच्या आसपास असते. केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेची ‘ओ लेव्हल’ काही सरकारी भरतीत मागितली जाते. राज्य सरकारच्या लिपिकपदासाठी एमएस-सीआयटी लागते, तेथे ती घ्यावीच; पण संगणकशास्त्राच्या ज्ञानाचा पुरावा म्हणून ती पुढे करू नये.

आता वेळेविषयी. तीन वर्षांची मुदत उत्तीर्ण झाल्या दिवसापासून मोजली जाते. दुसऱ्या वर्षात घेतलेल्या प्रमाणपत्राची बरीचशी मुदत वर्गातच संपते. अभ्यास दुसऱ्या वर्षी सुरू करावा, परीक्षा शेवटच्या सत्रात द्यावी, आणि एकच द्यावी. बाजारात ‘खरे प्रश्न’ म्हणून जे गठ्ठे विकतात ते घेऊ नयेत. ते पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होते आणि भरलेले पैसेही जातात.

आणखी एक बाब, जी पत्रकांत कधीच नसते. यांपैकी पुष्कळ परीक्षा घरूनही देता येतात, आणि तालुक्याच्या गावच्या विद्यार्थ्याला प्रवासखर्च वाचेल म्हणून तो मोह पडतो. परंतु त्यासाठी स्वतंत्र खोली लागते. टेबल रिकामे हवे, कॅमेरा सतत चालू हवा, आणि परीक्षा संपेपर्यंत कोणी आत येता कामा नये. आले तर परीक्षा तेथेच थांबविली जाऊ शकते. एका खोलीत पाच माणसे राहतात त्या घरात, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसताना, पंचवीस हजार रुपये असे पणाला लावू नयेत. केंद्र पुण्यात असो की नागपुरात, आदल्या दिवशी एस.टी.ने जावे, रात्री एखाद्या मित्राच्या वसतिगृहात मुक्काम करावा आणि सकाळी केंद्रावर परीक्षा द्यावी.