माळ्यावरची वाट

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज मी तुम्हाला लांबच्या देशातल्या एका चित्रकार बाईची गोष्ट सांगणार आहे. देश फिनलंड. तिथं हिवाळ्यात दिवस जेमतेम काही तासांचा असतो आणि समुद्रसुद्धा गोठतो. बाईचं नाव तुवे यान्सन.

तुवेचा जन्म 9 ऑगस्ट 1914 चा, हेलसिंकी शहरातला. वडील मूर्तिकार. आई सिग्ने चित्रं काढायची. मूर्ती काही रोज विकली जात नाही. मग घर चालायचं ते आईच्या हातावर. पुस्तकांची मुखपृष्ठं, मासिकांतली चित्रं, देशाची टपाल तिकिटं अशी मिळतील ती कामं ती करायची. स्वयंपाक, मुलं सांभाळून रात्री दिव्याखाली बसायची. घरात कलावंत म्हणून मान मात्र वडिलांचा. हे आपल्याला नवीन नाही. शेतात राबते बाई आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं!

तुवे हे बघत मोठी झाली. पंधराव्या वर्षापासून तीही मासिकांसाठी चित्रं काढून पैसे आणू लागली. 1938 साली हिटलरच्या नावानं सगळा युरोप धास्तावला होता, तेव्हा तिनं त्याला केकसाठी भोकाड पसरलेलं हट्टी पोर म्हणून रंगवलं आणि ते मासिकाच्या मुखपृष्ठावर छापून आलं. वडील जर्मनीच्या बाजूचे. त्यामुळे घरात बापलेकीचे खटके उडायचे.

मग युद्ध आलं. भाऊ आघाडीवर गेला. त्या दिवसांत तुवे अमेरिकेत गेलेल्या मैत्रिणीला पत्रं लिहायची. लग्न, मुलं, काम यांचा हिशेब तिनं त्या पत्रांतून मांडला. आईचं आयुष्य तिच्या डोळ्यांपुढं होतं. लग्न केलं तर एक तर संसार नीट होणार नाही, नाही तर चित्र, असं तिला वाटत होतं. आणि युद्धात मारायला पाठवण्यासाठी मुलगा जन्माला घालायचा तिचा जीव होईना.

1944 साली तिनं शहरात एक उंच छताची खोली भाड्यानं घेतली. बॉम्बहल्ल्यांनी खिडक्या फुटलेल्या, थंडी आत शिरणारी, भाड्याची चिंता कायमची. पण दाराची किल्ली तिची स्वतःची. मरेपर्यंत तिनं तीच जागा धरली.

आता तिच्या नात्यांचं सांगते. आतोस विर्तानेन नावाच्या पुढाऱ्यावर तिचं प्रेम होतं. लग्न न करता दोघांचे संबंध होते, आणि लोक बोलायचे. लग्नाचा विचारही झाला, पण लग्न झालं नाही. मग 1946 च्या सुमारास विविका बांडलर ही नाटक बसवणारी बाई तिच्या आयुष्यात आली. तुवेला तिच्यावर प्रेम जडलं. विविकाचं लग्न झालेलं होतं. ते प्रेम फार दिवस टिकलं नाही, पण मैत्री जन्मभर टिकली.

बाईचं बाईवर प्रेम म्हणजे त्या वेळी फिनलंडमध्ये गुन्हा होता, पुरुषांसाठीही आणि बायकांसाठीही. त्यामुळे जवळच्या माणसांना लिहितानासुद्धा तुवे ‘भुतांची बाजू’ असा आडून शब्द वापरायची.

तुवेनं मुलांसाठी मुमिन नावाचं कुटुंब रंगवलं. पाणघोड्यासारखी गोल नाकाची, गुबगुबीत, प्रेमळ मंडळी. त्यांच्या घरी कोणीही यावं, राहावं. मुमिनची आई फक्त एक अंथरूण जास्त घालते. 1948 च्या पुस्तकात तिथं दोन छोटे जीव येतात. त्यांची भाषा वेगळी, आणि एका पेटीत ते मोठं लाल माणिक लपवून आणतात. पोरं ती गंमत म्हणून वाचतात. पण ते दोघं म्हणजे तुवे आणि विविका. कायद्यानं जे बोलू दिलं नाही, ते तिनं पेटीत घालून जगापुढं ठेवलं.

1954 पासून लंडनच्या एका वर्तमानपत्रात मुमिनची चित्रकथा रोज येऊ लागली. पैसा आला, नाव झालं. पण रोजच्या त्या कामानं रंगचित्रांना वेळ उरेना. सात वर्षांचा करार संपत आला तसं तिनं ते काम धाकट्या भावावर सोपवलं.

1955 च्या नाताळच्या एका मेजवानीत तिला तूलिक्की पिएतिला भेटली. तीही चित्रकार, छापचित्रं करणारी. पुढची पंचेचाळीस वर्षं त्या दोघी एकमेकींच्या सोबतीनं राहिल्या, नवरा-बायको राहतात तशा. फरक एवढाच की दोघींची कामाची खोली वेगळी होती. एकाच मोठ्या इमारतीत दोन घरं आणि माळ्यावरून जोडणारी वाट. काम असेल तेव्हा आपापल्या खोलीत, काम संपलं की माळ्यावरून एकीनं दुसरीकडं जायचं.

उन्हाळ्यात दोघी क्लोव्हहारू या खडकाळ बेटावर जायच्या. 1964–65 मध्ये तिथं त्यांनी एका खोलीचं घर बांधून घेतलं. वीज नाही, नळ नाही, चारी दिशांना खिडक्या. म्हातारी आईसुद्धा त्यांच्यासोबत तिथं राहायला यायची. पुढं वय झालं, समुद्राची भीती वाटू लागली, तेव्हा त्यांनी ते घर सोडलं.

1971 साली फिनलंडनं तो कायदा रद्द केला. आजारांच्या यादीतून हे प्रेम काढायला 1981 उजाडलं. म्हणजे पहिली पंधरा वर्षं या दोघी कायद्याच्या नजरेत गुन्हेगार होत्या. आणि 1992 साली देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीला राष्ट्राध्यक्षांकडं दोघी जोडीनं गेल्या. 27 जून 2001 ला तुवे गेली, तेव्हा तूलिक्की हयात होती.

आपल्याकडं 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असं प्रेम गुन्हा नाही. न्यायालयाचा निकाल एका दिवसात लागतो. पाणवठ्यावरची कुजबूज थांबायला वेळ लागतो, आणि ती थांबवणं आपल्या हातात आहे.

एखादी मुलगी लग्नाला नको म्हणते. एखादी बाई एकटी राहते, किंवा दोघी एका छपराखाली राहतात. आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ‘हिचं कसं होणार?’ तुवेचं सगळं सोपं गेलं असं नाही. पण तिच्या हाताला काम होतं, डोक्यावर छप्पर होतं, आणि सोबतीला आपण निवडलेलं माणूस होतं. म्हणून तिला कुणापुढं वाकावं लागलं नाही.

येत्या बैठकीत गटात एवढंच बोला: आपल्या गावात अशी एखादी बाई असेल, तर बचत गटात तिला कोण शेजारी बसवून घेईल? आणि मुमिनच्या आईसारखं एक अंथरूण जास्त घालायला आपल्याला किती जागा लागेल?

बोला, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या कार्यक्रमात.