मेसचे पैसे कोण भरणार?

कारंजा तालुक्यातल्या आमच्या कामरगावात एखादा मुलगा कबड्डीत चपळ निघाला, तर त्याला शोधत महाविद्यालय येत नाही. अर्ज घेऊन तोच फिरतो. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे प्रशिक्षक खेळाडूच्या घरी जाऊन आईवडिलांपुढे शिष्यवृत्ती ठेवतात. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. पण नजर?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात होते. अंगाने किरकोळ म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नाकारले. प्राचार्य खर्डेकरांनी खेळू दिले, असे सांगतात. पुढे १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी याच प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक!

घर गहाण टाका, असे कोण म्हणेल? आपल्याला अमरावती जवळ, तिथे १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही आहे. पण बापाचा पहिला प्रश्न पदकाचा नसतोच. पोरगं राहील कुठे, खाईल काय? त्यात सोयाबीनच्या सोंगणीला घरचा एक माणूस कमी. क्रीडाशिक्षकाने ओसरीवर बसून बोलायचे आहे ते याच बापाशी, आणि तेही सोंगणीच्या आधी.