जुन्या संगणकाचा परकायाप्रवेश



मोहफुले वेचून झाली आहेत आणि तेंदूपानांचा हंगाम तोंडावर आला आहे. अशा कामाच्या दिवसांत, आणि अशा उन्हाळ्यात, आपण एटापल्लीकर मंडळी संध्याकाळची वेळ काढून येथे आलात याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषयाचे नाव जाहीर झाल्यावर एका गृहस्थांनी मला विचारले, की हे व्याख्यान संगणकाचे की योगशास्त्राचे? व्याख्यान संगणकाचेच आहे. परंतु आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची जी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, तिच्याइतके दुसरे जवळचे रूपक मला सापडले नाही. जुना संगणक आपला देह टाकतो आणि नव्या संगणकाच्या देहात आपल्या सर्व सवयींसह राहू लागतो, एवढाच आजचा विषय.

आता तो विषय मला का सुचला ते सांगतो. या भागात नोकरी केलेले एक निवृत्त गुरुजी माझ्या परिचयाचे आहेत. नोकरीत असताना त्यांनी माडिया बोलीतील शब्द आणि गोष्टी गोळा केल्या. माडिया ही द्रविड कुळातली भाषा. आजवर ती मुख्यतः मुखोद्गतच राहिली, आणि आपल्याकडे लिहायची झाली तर देवनागरीत लिहावी लागते. गुरुजी सुट्टीच्या दिवशी गावोगाव जात, म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी बसत, वहीत उतरवून घेत आणि घरी येऊन संगणकावर चढवीत. वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या. राहिला तो संगणक. गोष्टी सांगणाऱ्यांपैकी बरेच जण आज हयात नाहीत.

हा संगणक विंडोज एक्सपीच्या काळातला. ती प्रणाली २००१ साली बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची देखभाल कंपनीने थांबविली. शब्दांच्या नोंदी ठेवण्याचा प्रोग्राम गुरुजींच्या एका विद्यार्थ्याने त्या वेळी लिहून दिला होता. त्याची मूळ लिखित प्रत आता कोणापाशी नाही. गुरुजी मला म्हणाले, "सर, यंत्र अजून सुरू होतं, पण दहा वेळा बटण दाबावं लागतं. ह्यातलं सगळं तुमच्या नव्या यंत्रावर चढवून द्या, म्हणजे माझी काळजी मिटली."

मला वाटले, काम दहा मिनिटांचे आहे. फायली उचलल्या आणि नव्या संगणकावर ठेवल्या. उघडून पाहतो तो काय, एकही देवनागरी अक्षर नाही! नुसती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. देवनागरीचे क्रमांक ठरलेले नव्हते असे नाही. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाचे मानक प्रसिद्ध केले, आणि त्याच साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला जागा मिळाली. परंतु घरोघरी आणि छापखान्यांतून जे मराठी टंकन पुढे बरीच वर्षे चालले, त्यातल्या पुष्कळ फाँटांमध्ये रोमन अक्षराच्या क्रमांकावरच देवनागरीचे चित्र बसविलेले असे. तो फाँट आहे तोवर मराठी. तो गेला की उरते ती खिचडी. बरे, एकटा फाँट आणून भागले असते तर गोष्ट वेगळी. गुरुजींच्या नोंदी त्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामवाचून उघडत नव्हत्या, आणि तो प्रोग्राम नव्या प्रणालीवर चालत नव्हता. फाँट, कळफलक, प्रोग्राम, प्रणाली, सारे एकमेकांत गुंतलेले.

मंडळी, ही अवस्था महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल सुरक्षित आहेत. कागद आहे, शाई आहे, अक्षरही स्पष्ट आहे. परंतु मोडी वाचणारे आज थोडेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळकरी मुलगा जे वाचत होता, ते वाचायला आज खास अभ्यास करावा लागतो. तात्पर्य, नुसता कागद जपून भागत नाही, वाचणाराही जपावा लागतो. गुरुजींच्या नोंदींचा वाचणारा म्हणजे तो अख्खा जुना संगणक होता. म्हणून तो अख्खाच हलवायचा, असे आम्ही ठरविले.

हे कसे शक्य होते? आपल्या झाडीपट्टीतले नाटक आठवा. रात्रभर रंगमंचावर राजवाडा असतो. वस्तुतः असतो रंगविलेला पडदा. पण राजाचे काम करणारा नट त्याला राजवाडाच मानतो आणि बिनचूक वागतो. नव्या संगणकावर एक प्रोग्राम बसविता येतो, जो जुन्या प्रणालीपुढे असाच पडदा धरतो. तो तिला सांगतो, हा तुझा प्रोसेसर, ही तुझी स्मृती, ही तुझी डिस्क. ती डिस्क म्हणजे नव्या संगणकावरची एक मोठी फाईल असते. परंतु जुन्या प्रणालीला त्याचा पत्ता नसतो. अशा यंत्राला आभासी यंत्र म्हणतात.

ही कल्पना आजची नाही. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६० नंतरच्या दशकात, एका महागड्या यंत्राची अनेक आभासी यंत्रे करून ती अनेकांना वापरायला देण्याचे प्रयोग झाले, आणि १९७२ साली कंपनीने व्हीएम ३७० या नावाने ती सोय बाजारात आणली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला होता, यावरून तो काळ ध्यानात येईल. टेबलावरच्या साध्या संगणकावर ही विद्या १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने आणली. आज व्हर्च्युअलबॉक्स, क्यूईएमयू यांसारखे प्रोग्राम विनामूल्य मिळतात.

आता आमची कृती सांगतो, आणि माझी चूकही सांगतो. पहिली चूक अशी, की "एकदा पाहू या तरी" म्हणून मी ते जुने यंत्र दोन दिवसांत सात-आठ वेळा चालू केले. डिस्क आजारी असताना तिला फिरविणे म्हणजे तापाच्या रोग्याला डोंगर चढायला लावणे. तिसऱ्या दिवशी ती खडखड वाजू लागली. मग मात्र शुद्धीवर आलो. डिस्क काढून अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडली आणि जीएनयू डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने तिची प्रतिमा काढावयास लावली. हा प्रोग्राम शहाणा आहे. सुखासुखी वाचता येते ते आधी उचलतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा वळतो. ४० जीबीची ती डिस्क वाचायला दीड दिवस लागला. काही जागा अखेरपर्यंत वाचल्या गेल्या नाहीत.

(डिस्क निरोगी असेल तर इतका खटाटोप नको. मायक्रोसॉफ्टचा डिस्कटूव्हीएचडी नावाचा छोटा प्रोग्राम चालू यंत्रावरच अशी प्रतिमा काढतो.)

मग त्या प्रतिमेची एक नक्कल बाजूला ठेवली आणि दुसरीवर काम केले. मूळ प्रतिमेला हात लावायचा नाही, हा नियम लक्षात ठेवावा. आभासी यंत्र तयार केले, प्रतिमा जोडली आणि चालू केले. निळा पडदा आला आणि सारे थांबले. गुरुजी शेजारी बसले होते. त्यांचा चेहरा उतरला. कारण मागाहून समजले. मी आभासी डिस्क नव्या पद्धतीच्या साटा जोडणीने दिली होती, आणि एक्सपीला ती जोडणी ओळखता येत नव्हती. पाहुणा अनोळखी दारातून आला म्हणून घरच्यांनी घेतला नाही, इतकेच. जोडणी बदलून जुन्या आयडीई पद्धतीची केली आणि काही क्षणांत तोच पडदा, तीच हिरवी टेकडी समोर आली.

गुरुजींनी आपला प्रोग्राम उघडला. नोंदी शुद्ध देवनागरीत आल्या. त्यांनी एका आजीबाईंनी सांगितलेली गोष्ट काढली आणि माडियात मोठ्याने वाचू लागले. अर्ध्यावर थांबले. पुढचा भाग नव्हता. न वाचल्या गेलेल्या जागांपैकी एक ती होती. आजीबाई जाऊन बरीच वर्षे झाली. मी ते सात-आठ वेळचे बटण दाबले नसते तर तो भाग मिळाला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. गुरुजींनी मला शब्दाने दुखविले नाही. "उरलेलं तर आलं ना," एवढेच म्हणाले.

येथे आपल्या मनात दोन-तीन शंका येतील. असे यंत्र इंटरनेटला जोडावे काय? मुळीच नको, देखभाल थांबलेली प्रणाली म्हणजे कडी नसलेले दार. आभासी यंत्राची नेटजोडणी काढूनच ठेवावी. परवान्याचे काय? विकत घेतलेल्या यंत्राबरोबर आलेला प्रणालीचा परवाना पुष्कळदा त्याच यंत्रापुरता असतो. त्याची अट आधी वाचावी. सगळीच यंत्रे अशी हलतात काय? नाही. काही प्रोग्राम यंत्राच्या पाठीमागे खोचलेल्या किल्लीवाचून चालत नाहीत, आणि ती किल्ली आभासी यंत्राला दर वेळी दिसेलच असे नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, परकायाप्रवेश हा मोक्ष नव्हे. आज जे आभासी यंत्र चालते ते चालविणारा प्रोग्रामही उद्या जुना होईल. म्हणून मिळालेल्या सवडीत आतला मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे खरे काम. गुरुजी आणि त्यांची नात ते सध्या रोज थोडे थोडे करीत आहेत. जुन्या पडद्यावर एक नोंद वाचायची आणि नव्या पडद्यावर ती शुद्ध करून ठेवायची. प्रतिमेच्या तीन प्रती केल्या आहेत, त्यांतली एक पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवली आहे. पूर आला, वीज पडली तरी तिन्ही एकदम जाऊ नयेत.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणाच्या घरी, शाळेत, ग्रामसभेच्या कपाटात असा एखादा झाकून ठेवलेला संगणक असेल. त्यात वनहक्काच्या दाव्याचे कागद असतील, गावाची यादी असेल, कोणाच्या आजोबांची हकीकत असेल. माझे सांगणे इतकेच, की उगाच कुतूहलाने तो चालू करू नका. जाणत्या माणसाला बोलवा, आधी प्रतिमा काढा, आणि हे येत्या पावसाळ्याच्या आत करा.