कटऑफ आणि मोकळ्या होणाऱ्या जागा



मिरकरवाड्यातले एक वडील लेकीला घेऊन माझ्याकडे आले होते. सीईटीत तिला 84 पर्सेंटाइल. इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मवर रत्नागिरीतलं एकच कॉलेज. "सर, बाकीचे कटऑफ बसतच नाहीत. कशाला लिहायचं?" त्यांच्या हातात मागच्या वर्षीच्या पहिल्या फेरीची यादी होती.

कटऑफ ही कॉलेजने घातलेली अट नव्हे. त्या फेरीत शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचे ते पर्सेंटाइल. आणि जागा मिळालेले सगळे येतात थोडेच? कुणी एनआयटीत जातो, कुणी मेडिकलला, कुणाला होस्टेल परवडत नाही. त्यांची जागा पुढच्या फेरीत खालच्याला मिळते. अमेरिकेतली कॉलेजं बोलावलेल्या शंभरांपैकी किती जण आले ते मोजतात. त्याला 'यील्ड' म्हणतात. आपण पहिल्या आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ शेजारी ठेवून बघायचा. बराच उतरला असेल, तर तिथे मुलं टिकत नाहीत. ती तुमची संधी असते. पण का टिकत नाहीत, हेही विचारा.

भायखळ्याचं साबू सिद्दीक, वांद्र्याचं रिझवी, नवीन पनवेलचं काळसेकर या मुस्लिम अल्पसंख्याक संस्था. अशा संस्थांत किमान 51 टक्के जागा समाजासाठी असतात, त्यांचा कटऑफही वेगळा बघावा लागतो. अर्जात अल्पसंख्याक असल्याची नोंदच केली नाही, तर त्या जागा तुमच्यासाठी नाहीत.

पर्याय आवडीच्या क्रमानेच लिहा. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्यावरचा हक्क जात नाही. मात्र 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला की तो पक्का. जायचंच नसेल ते कॉलेज वर लिहू नका.

शिवाय जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ती नाही.

हे सगळं मी त्या वडिलांना सांगितलं. ते गप्प. कटऑफ हे निमित्त होतं, पोरीला बाहेर पाठवायचा प्रश्न होता. ती मात्र यादी उघडून बसली होती.

शेवटी म्हणाले, "पनवेलपर्यंत लिहा. त्यापुढे नको."

तिने लिहायला घेतलं.