पूर्वजांची ओळख : ताटातून, ओवीतून, मातीतून

(बेळगाव-निपाणी भागातील बालशिक्षणाविषयीच्या भाषणाचा मजकूर)



पाच-सहा वर्षांच्या मुलाला शतक म्हणजे काय, हे कळत नाही. 'तीनशे वर्षांपूर्वी' आणि 'परवा' हे दोन्ही शब्द त्याला सारखेच दूरचे असतात. म्हणून पूर्वजांची ओळख सनावळीने करून द्यावयास गेल्यास ती पाठांतरापलीकडे जात नाही. मात्र त्याच्या जिभेला आजीच्या हातची चव कळते, कानाला गोष्ट कळते आणि बोटांना माती कळते. या तीन वाटांनी पूर्वज त्याच्यापर्यंत सहज पोचू शकतात.

ही कल्पना नवीन नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, त्यात बिया, पाने, खडे, शिंपले हीच शिकविण्याची साधने होती. मुलाच्या अंगणात जे आहे, त्यातूनच त्याचे शिक्षण सुरू व्हावे, हे त्यामागील सूत्र होय. बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी या परिसरातील अंगण तर विशेष संपन्न आहे. मात्र ज्यांच्या स्मरणात ही संपत्ती आहे, ती माणसे आज वृद्ध झाली आहेत. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही, ते याच कारणासाठी.

ताटातील इतिहास

भाद्रपदाच्या वद्य पक्षात घरोघरी म्हाळ घातला जातो. पूर्वजांचे नाव घेऊन पान वाढले जाते आणि मुलाला प्रथमच समजते की, या घरात आपल्या आधी कोणीतरी राहत होते. कित्येक घरांत या स्वयंपाकात मिरची वापरीत नाहीत, मिरे वापरतात. याचे कारण विचारले तर 'चाल आहे' एवढेच उत्तर मिळते. परंतु मिरची, भुईमूग आणि तंबाखू ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील असून, पोर्तुगीज दर्यावर्दी या किनाऱ्यावर आल्यानंतरच ती इकडे पोचली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चालीला अर्थ प्राप्त होतो. मिरची येण्यापूर्वीची चव त्या एका पानात टिकून राहिली आहे.

ज्या निपाणीचे नाव तंबाखूमुळे सर्वदूर झाले, तेथील शिवारातही पाचशे वर्षांपूर्वी तंबाखू नव्हता आणि भाकरीसोबतची शेंगदाण्याची चटणीही नव्हती. ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेतील. ती हजारो वर्षांपूर्वी येथे येऊन रुजली. हे ऐकून मुलाला नवल वाटेल आणि तसे वाटलेच पाहिजे. पूर्वज म्हणजे केवळ जुने धरून बसणारी माणसे नव्हत, नवे बियाणे पारखून घेणारीही होती, हा धडा त्याला भाकरीच्या तुकड्याबरोबर मिळतो.

मार्गशीर्षातील अमावास्येला उत्तर कर्नाटकातील शेतकरी कुटुंबे कडबू, भाकरी, भाज्या असे जेवण घेऊन शिवारात जातात, पिकाची पूजा करतात आणि अन्नाचा अंश रानात शिंपडतात. त्या दिवशी शाळेने मुलांना वर्गात अडकवून न ठेवता एखाद्या शेतावर न्यावे. जमीन कोणी मोडली, विहीर कोणी खणली, बांधावरचे झाड कोणी लावले, या प्रश्नांची उत्तरे जाणत्या माणसांकडून तेथेच मिळतात.

हेळवी आणि ओवी

या भागात वंशावळ सांगणाऱ्यांची एक स्वतंत्र परंपरा आहे. सजविलेल्या बैलावर बसून, घंटा वाजवीत हेळवी गावात येतो. ठरलेल्या कुळांच्या दारी उभा राहून तो त्या कुळाचा मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला आणि पुढे शाखा कशा फुटल्या, हे म्हणून दाखवितो. त्याबद्दल त्याला धान्य, कपडा किंवा पैसा दिला जातो. ही माहिती त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत असते व कित्येकांनी ती लिहूनही ठेवली आहे. आता हेळव्यांची मुले अन्य व्यवसायांत गेली आहेत व गावोगावच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत. एखादा हेळवी गावात आला, तर त्याला शाळेत सन्मानाने बोलवावे. मुलांना त्याचे सर्व शब्द कळणार नाहीत, पण आपल्या गावचे नाव त्याच्या तोंडून ऐकताना त्यांचे डोळे मोठे होतील.

परंतु हेळव्याच्या वंशावळीत मुख्यतः पुरुषांची नावे असतात. आजी, पणजी, मावशी, आत्या यांचा इतिहास शोधावयाचा तर जात्याकडे वळावे लागते. दळताना गाईलेल्या ओवीत माहेर आहे, भाऊ आहे, दुष्काळ आहे आणि सासरचा जाचही आहे. इंदिरा संत यांचे मूळ गाव निपाणीजवळचे तवंदी. बेळगावात शिक्षिकांना घडविण्याचे काम करीत त्यांचे बरेचसे आयुष्य गेले. या थोर कवयित्रीला बायकांच्या या अनामिक ओव्यांचे मोल कळले होते व 'मालनगाथा' या ग्रंथात त्यांनी तो ठेवा रसिकांपुढे ठेवला. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण गाणे मात्र जात्याबरोबर मागे पडले. ज्या आजींना अद्याप ओव्या येतात, त्यांना शाळेत बोलवावे आणि ओव्या उतरवून घ्याव्यात.

पूर्वज म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीचेच, असेही मुलांना वाटू देऊ नये. १९८१ साली निपाणीजवळ तंबाखू उत्पादक शेतकरी रास्त भावासाठी हमरस्त्यावर बसले होते. त्यांतील कित्येक जण आज कोणाचे तरी आजोबा-पणजोबा आहेत. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या आजींची कष्टाची कहाणीही याच इतिहासात येते.

माती आणि दगड

ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर येतो आणि पंधरा दिवसांनी अमावास्येला कन्नड घरांतून मातीचे बैल पुजले जातात. बैल कसा घडवावा हे मुलाला पुस्तकातून शिकविता येत नाही. त्यासाठी शेजारी बसून माती मळणारा हात लागतो. खानापूर हे तर मातीकामाचे प्रसिद्ध ठिकाण. कुंभाराला एक दिवस वर्गाचा गुरुजी करण्यात शाळेला कमीपणा नाही, उलट मान आहे.

अनेक गावांत देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ वीरगळ उभे असतात. मुले त्यांवर बसून खेळतात, मोठी माणसे चुना फासतात. त्यांवरील चित्रे खालून वर वाचावयाची असतात. तळाशी लढताना पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. ज्याला अक्षरे येत नाहीत, त्या मुलालाही ही गोष्ट वाचता येते. दगड स्वच्छ पाण्याने धुऊन, त्याचे चित्र पाटीवर काढावयास लावले, तर तो दगड पुन्हा कोणी बांधकामात वापरणार नाही.

दोन भाषांचे घर

१९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कागल एका राज्यात आणि शेजारची निपाणी दुसऱ्या राज्यात आली. सीमेचा तंटा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तो बालवाडीत आणण्याचे कारण नाही. मराठी मुलाने मराठीतूनच शिकावे, हे योग्यच. परंतु त्याच्या घरातील अक्का आणि अण्णा हे शब्द कन्नड घरातही आहेत, त्याचा कडबू शेजारच्या ताटातही आहे आणि आजीचा अडकित्ताही कानडी 'अडके'वरून, म्हणजे सुपारीवरून आला आहे, हे त्याला कळावे. दोन्ही भाषांचे पूर्वज एकाच ओढ्याचे पाणी प्याले. आपल्या पूर्वजांचा अभिमान शेजाऱ्याच्या द्वेषाशिवायही बाळगता येतो, हे लहानपणी उमगले तरच पुढे टिकते.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

या कामात एक मोठा धोका आहे. वर्गात उभे करून 'तुझ्या पणजोबांचे नाव सांग' असे विचारल्यास काही मुले मान खाली घालतील. देवदासी प्रथेला कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी झाली, तरी त्या प्रथेची झळ लागलेल्या घरांतील मुले याच भागात शिकत आहेत. कोणाचे वडील घरी नाहीत, कोणाचे कुटुंब पोटासाठी दूरच्या मुलखातून आलेले आहे. त्याचप्रमाणे सणाचे जेवण विचारताना जात उघडी पडते, हेही विसरता कामा नये. म्हणून कुळ, आडनाव किंवा वडिलांच्या वडिलांचे नाव विचारू नये. 'घरातील किंवा शेजारच्या वृद्ध माणसाने तुला काय शिकविले?' एवढाच प्रश्न असावा. त्याचे उत्तर प्रत्येक मुलाजवळ असते. कोणाच्या ताटाला उच्च वा नीच म्हणू नये. ज्याच्या घरी खीर नाही, त्याच्या आंबिलीलाही इतिहास आहे.

यासाठी वेगळा निधी अथवा पुस्तक लागत नाही. ज्येष्ठात माती, भाद्रपदात म्हाळाचे पान, मार्गशीर्षात शिवार, सुगीनंतर हेळवी आणि महिन्यातून एकदा ओवी गाणारी आजी, एवढी आखणी प्रत्येक शाळेला करता येईल. मुलांनी आणलेल्या गोष्टी, सांगणाऱ्याच्या संमतीने, एका वहीत नोंदवाव्यात आणि ती वही शाळेच्या दप्तरी जपून ठेवावी. पाच वर्षांत गावाचा असा इतिहास तयार होईल, जो अन्य कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. ग्रामस्थांनी सांगावे, शिक्षकांनी लिहावे, अधिकाऱ्यांनी या कामाला शाळेच्या वेळेत जागा द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.