टाचेची दोरी आणि मूळपेशींचं इंजेक्शन

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांपूर्वी जिन्यावरून धावणारे आपण आता कठडा धरून उतरतो. त्यामुळे लिफ्टमध्ये मला टाचेबद्दल आणि खांद्याबद्दल विचारणारे बरेच असतात. हल्ली त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : "डॉक्टर, स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ का?" आजचा विषय तोच.

आधी दुखतं काय, ते पाहू. स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी म्हणजे टेंडन, मराठीत कंडरा. घरात आपण "शीर ताणली" म्हणतो, पण ही रक्ताची शीर नव्हे. उलट हिला रक्तपुरवठा बेताचा आणि हिच्यात पेशीही थोड्याच. मुख्य धागा कोलॅजनचा, एका दिशेने विणलेला. ती दुखावली की शरीर दुरुस्ती करतं, पण पैठणीला रफू करावं तशी. भोक बुजतं, मूळचा पोत येत नाही. म्हणूनच कंडरा पुन्हा पुन्हा दुखावते.

मूळपेशींची आशा इथे सुरू होते. कमरेच्या हाडातल्या मज्जेत आणि चरबीत अशा काही पेशी असतात, की त्यांच्यापासून हाड, कूर्चा असे प्रकार तयार होऊ शकतात. त्या काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि दुखऱ्या जागी सोडायच्या. आधी वाटायचं, याच पेशी नवी कंडरा होतील. आता मत असं, की त्यातल्या बहुतेक लवकरच नाहीशा होतात. पण तोवर आसपासच्या पेशींना सूज आवरण्याचे आणि दुरुस्तीचे रासायनिक निरोप देतात. गवंडी कमी, मुकादम जास्त, म्हणा ना!

यातला महत्त्वाचा पुरावा घोड्यांचा आहे. ब्रिटनमध्ये शंभरावर शर्यतीच्या घोड्यांना त्यांच्याच मज्जेतल्या वाढवलेल्या पेशी दिल्या गेल्या. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : शर्यतीत परतल्यावर सुमारे २७ टक्के घोड्यांना पुन्हा दुखापत झाली. इतर उपचारांच्या जुन्या नोंदींपेक्षा हे प्रमाण बरंच कमी. पण तुलना जुन्या नोंदींशीच होती, आणि घोड्यांना इंजेक्शनसोबत कित्येक महिने शिस्तीत व्यायामही होता.

माणसांत फ्रान्सच्या डॉ. फिलिप हर्निगू यांनी खांद्याची फाटलेली कंडरा शिवताना ४५ रुग्णांना मज्जेतला पेशीयुक्त अर्क दिला, ४५ जणांना दिला नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सगळ्यांची कंडरा जुळली, दुसऱ्यात ३० जणांची. दहा वर्षांनी टिकलेली कंडरा ८७ विरुद्ध ४४ टक्के. आकडे उमेद देणारे आहेत. मात्र रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि अर्क शस्त्रक्रियेच्या जोडीला होता, तिच्याऐवजी नव्हे.

म्हणजे दार किलकिलं झालंय, उघडलेलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. रक्ताच्या काही विकारांतलं मज्जारोपण सोडलं, तर मूळपेशींचा वापर हे अजून संशोधन आहे, आणि ते मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवं. अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्यातल्या एका काकांनी एका दवाखान्याचं "पॅकेज" घेण्यासाठी एफडी मोडायची तयारी केली होती. मी त्यांना तीन प्रश्न लिहून दिले. हे पीआरपी आहे की मूळपेशी? (पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या बिंबाणूंचा अर्क. दोन्ही एक नव्हेत.) चाचणी असेल, तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक कोणता? आणि चाचणी आहे, तर पैसे कसले? पहिल्याच प्रश्नाला समोरून उत्तर आलं, "सगळं एकच असतं हो!" काका चहा न घेता उठून आले.

मग करायचं काय? टाचेमागची कंडरा जुनाट दुखत असेल, तर स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेला व्यायाम आजही उपयोगी आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून दुखरी टाच सावकाश खाली न्यायची, वर येताना भार चांगल्या पायावर. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, तीन फेऱ्या. गुडघा किंचित वाकवून तेवढ्याच. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. कंडरेला हळूहळू वाढणारा भार लागतो. नुसत्या विश्रांतीने ती अधिकच दुबळी होते. सुरुवात फिजिओथेरपिस्टला विचारून करा, कठडा धरून करा. मात्र टाचेमागे अचानक "फट्" झालं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर व्यायाम नाही. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

मूळपेशींवरचं काम चालू आहे आणि ते यशस्वी व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. तोपर्यंत कुणी पॅकेज पुढे केलं, तर सही करण्याआधी रिपोर्ट आणि त्यांचं पत्रक, दोन्ही घेऊन माझ्याकडे या. शेजाऱ्यांना फी नाही.